होमासोटच्या कडा

अमेरिकेत मॉडेल रेल्वे मांडणारे लोक रुळांखाली अनेक वर्षांपासून होमासोट वापरतात. न्यू जर्सीत ट्रेंटनजवळ रद्दी कागदाचा लगदा दाबून हा बोर्ड बनतो. स्लीपर एकेक करून चिकटवणाऱ्या आणि रूळ हाताने ठोकणाऱ्यासाठी होमासोटला पर्याय नाही, असं माझं ठाम मत आहे. प्लायवूडमध्ये बारीक खिळा वाकतो, कॉर्कमध्ये तो पकडच धरत नाही. होमासोटमध्ये मात्र अंगठ्याच्या दाबाने आत जातो आणि रुतून बसतो. पण बोर्ड कापला की त्याच्या सगळ्या बाजू, विशेषतः कापलेल्या कडा, रंगाने बंद केल्याशिवाय त्यावर रूळ घालू नयेत.

याला एक जुना आक्षेप आहे. होमासोटमध्ये मेणाचा अंश असतो, म्हणून हा बोर्ड मुळातच फारसा फुगत नाही. हलते ती खालची लाकडी चौकट. हे बरंचसं खरं आहे. अमेरिकेत ज्या तळघरांत या मांडण्या असतात, तिथे उन्हाळ्यात दमट हवा कोंडते आणि हिवाळ्यात हीटर ती कोरडी करून टाकतो. लाकूड आक्रसतं, धातूचे रूळ हवेतल्या ओलाव्याने आक्रसत नाहीत, आणि मग सरळ रुळाला बाक येतो. तापमानाचा वाटा यात लहान असतो: निकेल-सिल्व्हरचा 10 मीटर रूळ 10 अंश फरकाने जेमतेम दीड मिलिमीटर वाढतो. म्हणून चौकटही रंगवावी, हे मला मान्य आहे. बोर्ड तसाच सोडावा, हे मात्र त्यातून निघत नाही. कारण बोर्डाला खरा धोका हवेपेक्षा आपल्याच हातातल्या पाण्याचा असतो. रुळांभोवती खडी बसवताना ती आधी भिजवतात, मग पातळ केलेला पांढरा गोंद थेंबाथेंबाने सोडतात. हे पाणी खडीतून खाली उतरतं आणि बोर्डाच्या उघड्या कडेला मुरतं. एकच बाजू रंगवली असेल तर दुसरी ओलावा घेते आणि बोर्ड बाक धरतो.

काही जण शेलॅक लावतात. ते स्पिरिटमध्ये विरघळवलेलं असल्याने बोर्डाचे तंतू उभे राहत नाहीत आणि बाष्पही ते चांगलं रोखतं. पण खडी ओली करायला अनेकांच्या हाती आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, आणि अल्कोहोल शेलॅकला मऊ करतं. म्हणून भिंतीचा साधा पाण्यातला रंग मला जास्त भरवशाचा वाटतो.

रंगाचं टणक कवच झालं की खिळे जात नाहीत आणि गाडीचा आवाज वाढतो, अशी शंका घेतात. जाड थर दिला तर ती रास्तच आहे. पहिला हात पातळ द्यावा, तंतू उभे राहून वाळले की पॉलिश पेपर हलकेच फिरवावा, आणि दुसरा हात द्यावा. कडा जास्त रंग पितात, तेवढ्यांना तिसरा हात लागतो.