कुणीच नाही

तपोवनात शूर्पणखेचं नाक कापणाऱ्या लक्ष्मणाची मूर्ती आहे. लहानपणी घरी पाहुणे आले की त्यांना गोदाघाट, काळाराम, सीतागुंफा फिरवून शेवटी तिथे न्यायचं, हे माझं काम. ‘नासिका म्हणजे नाक, म्हणून आमचं नाशिक!’ नऊ शिखरांवरून नाव पडलं असंही सांगतात, पण पाहुण्यांना नाकाचीच गोष्ट आवडायची. सगळे हसायचे.

इंजिनीअरिंग झाल्यावर पुण्यात नोकरी लागली. तिथल्या कॅन्टीनमध्येही मी हीच गोष्ट रंगवून सांगितली. आमच्या टीममध्ये एक टेस्टर होती. कामाला चोख. रिलीजच्या आदल्या रात्रीसुद्धा बग काढायची आणि आमची सुट्टी बुडायची. माझी गोष्ट संपता संपता मीच म्हणालो, ‘आपल्याकडे पण आहे की एक शूर्पणखा.’ पुढे तिला वगळून केलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच तिचं नाव झालं.

कधीतरी तिला कळलंच. तिने तक्रार केली. मॅनेजरने आम्हाला मीटिंग रूममध्ये बसवून विचारलं, ‘हे नाव कोणी ठेवलं?’

‘कुणीच नाही, सर.’

प्रकरण तिथेच मिटलं. काही महिन्यांनी तिने राजीनामा दिला.

आता मी नाशिकला घरूनच काम करतो. गेल्या वर्षी रात्री झोप येईना म्हणून फोनवर होमरची ‘ओडिसी’ वाचायला घेतली. नवव्या सर्गात पॉलिफिमस भेटतो, कपाळावर एकच डोळा असलेला, गुहेत राहणारा राक्षस. ओडिसियस बारा सोबत्यांना घेऊन त्याच्या गुहेत शिरतो. राक्षस त्यातले सहा जण खातो. ओडिसियस त्याला दारू पाजतो, आपलं नाव ‘कुणी नाही’ असं सांगतो आणि तो झोपल्यावर तापवलेला ओंडका त्याच्या डोळ्यात खुपसतो. राक्षस किंचाळतो. शेजारचे राक्षस धावत येऊन बाहेरून विचारतात, ‘कोण मारतंय तुला?’ तो ओरडतो, ‘कुणी नाही!’ मग काय, ते निघून जातात.

हा होमरचा विनोद आहे. मला मात्र ती मीटिंग रूम आठवली.

मग अरण्यकांड पुन्हा काढलं. शूर्पणखा रामाला लग्नाचं विचारते. राम म्हणतो, माझं लग्न झालंय, लक्ष्मणाकडे जा. लक्ष्मण म्हणतो, मी पडलो दास, तू रामाकडेच जा. तिला थट्टा कळली नाही, असं वाल्मीकीच सांगतात. ती चिडून सीतेवर धावते आणि लक्ष्मण तिचं नाक-कान कापतो.

दोघं निष्पाप नव्हते. एकाने माणसं खाल्ली, दुसरी सीतेला खायला धावली. पण दोन्ही महाकाव्यं खरी पेटतात ती या जखमी राक्षसांनी आपल्या माणसांकडे केलेल्या तक्रारीमुळे. शूर्पणखा आधी जनस्थानात खराकडे जाते, मग लंकेत रावणाकडे. पॉलिफिमस बापाला, समुद्रदेव पोसायडनला हाक मारतो आणि ओडिसियसची घरची वाट लांबते. त्यांचं ऐकून घेणारं कुणीतरी होतं. तिचं आम्ही ऐकूनही घेतलं नाही.

आणखी एक जागा मनातून जात नाही. आंधळा झालेला पॉलिफिमस सकाळी मेंढरं बाहेर सोडतो. त्याचा लाडका मेंढा रोज सगळ्यांच्या पुढे असतो, आज शेवटी रेंगाळतोय. त्याच्या पाठीवर हात फिरवत राक्षस विचारतो, धन्याच्या डोळ्याचं दुःख झालंय का तुला? मेंढा रेंगाळतोय, कारण त्याच्या पोटाखाली ओडिसियस लोंबकळतोय. होमरला राक्षस नुसता मारायचा असता, तर या ओळींची गरज नव्हती.

जहाजावर सुखरूप पोचल्यावर ओडिसियसला राहवत नाही. तो स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं ओरडून सांगतो. घमेंडीत.

परवा तपोवनातून परत आल्यावर मी तिला मेसेज केला. ते नाव मी ठेवलं होतं आणि विचारल्यावर गप्प बसलो, एवढंच. माझा नंबर तिच्याकडे असेलच असं नाही, म्हणून खाली पूर्ण नाव लिहिलं. माझं, वडिलांचं, आडनाव.

दोन निळ्या टिक आल्या. उत्तर आलेलं नाही. ते यायलाच हवं, असंही नाही.