उपवास नव्हे, उपाशी पोट

आपल्याकडे पोटाच्या तक्रारीवर पहिले औषध ओव्याचे, दुसरे सोड्याचे आणि तिसरे म्हणजे "सोसा थोडे". पुष्कळदा एवढ्याने भागतेही. पण काही दुखणी ओव्याला दाद देत नाहीत.

मला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या वर्षी चार घास खाल्ले की पोट गच्च होऊ लागले. सकाळची भाकरी दुपारपर्यंत तशीच बसून राही. त्याहून वाईट म्हणजे इन्सुलिन घेऊन, जेवूनही साखर एकदम उतरे. मुरबाडकडे एका भातखाचराच्या बांधावर बोलता बोलता मला दरदरून घाम फुटला, हात कापू लागले. तिथल्या शेतकरी बंधूंनी गुळाचे पाणी पाजले म्हणून निभावले.

डोंबिवलीच्या डॉक्टरांनी उलगडा केला. अन्न जठरातच अडून राहिले तर त्यातली साखर रक्तात वेळेवर येणार कशी? इन्सुलिन मात्र आपले काम करीत राहते. खाचरातले पाणी उतरत नसेल तर आपण आधी मोरी पाहतो. तशी त्यांनी आधी दुर्बिणीने पोटाची मोरी पाहिली. अडथळा नव्हता, व्रणही नव्हता. जुन्या मधुमेहात जठर हलवणारे मज्जातंतू दुबळे होतात, त्याची तपासणी ठाण्याला करायची ठरली.

खरी परीक्षा तयारीची. रात्रीच्या जेवणानंतर काही खायचे नाही, असे सांगितले होते. हे ऐकून शेजारच्या काकी म्हणाल्या, "उपासच ना? मग साबुदाण्याची खिचडी चालेल की!" आमच्या सौभाग्यवतींना तर कोऱ्या पोटी माणसाला घराबाहेर पाठवणेच पटेना. पण एकादशीचा उपवास वेगळा आणि तपासणीचे उपाशी पोट वेगळे. खिचडी नाही, दाणे नाहीत, दुधाचा चहासुद्धा नाही. तंबाखू आणि विडीही बंद, कारण तंबाखूने जठराची गती बदलते. मिश्री लावणाऱ्या भगिनींनीही हे ध्यानात ठेवावे.

उलटीची, पोट सारण्याची आणि काही वेदनाशामक औषधे दोन-तीन दिवस आधी थांबवावी लागतात. कोणती, हे डॉक्टरांनीच सांगायचे. उपाशी पोटी नेहमीचे इन्सुलिन घेणे धोक्याचे आणि साखर फार चढली तरी जठर मंदावते. म्हणून त्या सकाळचा डोस मी आधीच लिहून घेतला होता. बाईमाणसाला दिवस गेले असतील किंवा अंगावर पिणारे मूल असेल, तर ते न लाजता सांगावे.

तिथे अंड्यातला पांढरा भाग, पावाचे दोन तुकडे, जॅम आणि पाणी असा नाश्ता दिला. अंड्यात टेक्नेशियम नावाचा किरणोत्सारी पदार्थ अगदी थोडा मिसळलेला असतो. शाकाहारी माणसाने दुसऱ्या पदार्थाची सोय आधीच विचारावी. किरणोत्सार म्हटले की माणूस बिचकतो. पण ज्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संशोधनातून १९९१ साली टीएजी-२४ हा भुईमूग आपल्या शेतात आला, त्याच विद्येची ही दुसरी शाखा. हा पदार्थ सहा तासांत निम्मा होतो आणि एक-दोन दिवसांत जवळजवळ संपतो.

मग यंत्रासमोर उभे राहून छायाचित्रे घेतली: खाल्ल्याबरोबर, एका तासाने, दोन तासांनी आणि चार तासांनी. निरोगी पोटात चार तासांनी अन्नाचा दहावा हिस्साही उरत नाही. माझ्या पोटात चौथा हिस्सा शिल्लक होता.

दुखण्याला नाव मिळाले आणि उपायाला दिशा मिळाली. आता दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच लहान, तेल-तूप कमी, भाज्या मऊ शिजवलेल्या. इन्सुलिनची वेळ डॉक्टरांनी बदलून दिली. तेव्हापासून बांधावर घाम येतो तो उन्हाचाच.

मातीचा नमुना घेताना आपण खताच्या ढिगाजवळची माती टाळतो, कारण नमुना चुकला तर अहवाल चुकतो. पोटाचेही तसेच आहे. तपासणीला जाण्यापूर्वी काय खायचे नाही, कोणते औषध थांबवायचे, इन्सुलिनचे काय करायचे, हे तीन प्रश्न कागदावर लिहून डॉक्टरांना विचारा. घरच्या माणसांनाही तो कागद वाचून दाखवा, म्हणजे मायेने पुढे केलेला चहाचा कप तपासणी वाया घालवणार नाही.