गार फरशी

गेल्या जानेवारीत वन्सं जर्मनीहून पंधरा दिवसांसाठी माहेरी आल्या. पहिल्याच पहाटे अनवाणी स्वयंपाकघरात आल्या आणि “अगं बाई!” म्हणत उंबऱ्यावरच थबकल्या. आमचं भोर नीरेकाठचं, भोवती डोंगर. पौषातली थंडी इथे अंगाआधी तळपायांना कळते. मला त्याची सवय झालेली. सकाळची शाळा असली की पाचालाच मी ओट्याशी उभी असते.

“वहिनी, आई या फरशीवर बसते?” वन्संनी विचारले. सासूबाई कोपऱ्यात पाटावर बसून मेथी निवडत होत्या. वय ७८, गुडघे धरलेले, शिवाय मधुमेह.

फरशी बदलायचे तसे ठरलेलेच होते. मामंजींनी घातलेली शहाबादी आता एका कोपऱ्यात खचली होती, सांधे उघडे पडले होते आणि पावसाळ्यात तर सगळीकडे ओल. वन्सं म्हणाल्या, “मग नवीन टाइल्सच्या खाली हीटिंगच बसवून घ्या. आमच्याकडे असतं तसं. आईसाठी आहे, पैसे मी देते.” आमचे हे म्हणाले, “बघू या.” आता हे ‘बघू या’ म्हणजे बघायचे मीच, हे मैत्रिणींनो, तुम्हाला वेगळे सांगायला नको.

खरे सांगू? नाव सासूबाईंचे होते, पण मोह मला पडला. दोन वर्षे माझ्या टाचा दुखताहेत. पायाखाली ऊब असेल तर भाकऱ्या थापताना किती बरे वाटेल, असे मनात आले आणि मी उत्साहाने चौकशीला लागले.

ही कल्पना तशी जुनी. रोमन लोक फरशीखाली पोकळी ठेवून भट्टीची गरम हवा खेळवत. काश्मीरमध्ये अजूनही काही घरांत ‘हमाम’ असतो. दगडी फरशीखाली लाकडे पेटवतात आणि थंडीत सगळे घर त्या खोलीत बसते. वन्संकडे फरशीखालच्या नळ्यांतून कोमट पाणी फिरते. ते वर्षातले पाच-सहा महिने सगळे घर तापवायचे असेल तिथे परवडते. एका स्वयंपाकघरासाठी मिळते ती विजेच्या तारांची जाळी. ती टाइल्सच्या खाली मसाल्यात बसवतात.

मग मी वहीवर हिशेब मांडला. ओटा आणि कपाटे वगळून आमची मोकळी जागा सहा चौरस मीटर. मीटरला १५० वॅट धरले तर ९०० वॅट. रोज चार तास म्हणजे साडेतीन युनिटच्या वर, महिन्याला शंभराहून अधिक. थर्मोस्टॅटमुळे थोडे वाचेल, पण सध्या आमचे सगळे घर जेवढी वीज खाते, जवळजवळ तेवढीच ही एकटी फरशी खाणार! वापर वाढला की युनिटचा दरही वरच्या टप्प्याचा लागतो. शिवाय फरशी तापायला अर्धा-पाऊण तास. म्हणजे पाचाला ऊब हवी तर सव्वाचारला चालू करायची. तार कुठे तुटली तर टाइल्स उकरायच्या. आणि फरशी २९ अंशांच्या वर तापवायची नाही, असा तिकडचा दंडक आहे. आमच्याकडे वैशाखात ती फुकटातच तेवढी तापते.

शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारले, तर त्यांनी वेगळेच सांगितले. फरशी आणि लाकडी पाट दोन्ही सारखेच गार असतात. फरशी पायातली उष्णता भराभर ओढून घेते, लाकूड ओढत नाही, म्हणून पाट उबदार वाटतो. आजीच्या घरची सारवलेली जमीन एवढी गार का लागत नसे, ते मला तेव्हा कळले.

जुलैत गवंड्याने एक युक्ती सांगितली. ओल येत असेल तर तुम्हीही करून बघा. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा फरशीवर चारी बाजूंनी चिकटवून दिवसभर ठेवायचा. वरून दव धरले तर ओल हवेतली, खालून धरले तर जमिनीतली. आमचा तुकडा खालून निथळत होता. म्हणजे आधी खणून खडीची भर, त्यावर जाड प्लॅस्टिक, मग काँक्रीट आणि मग टाइल्स. तसे न करता तारा घातल्या तर निम्मी ऊब ओली जमीनच पिऊन टाकणार.

त्यातून डॉक्टरांनीही मान हलवली. मधुमेहात पाय बधिर झालेले. सासूबाई बसणार गोधडी घालून, तिच्याखाली ऊब कोंडणार, चटका बसला तरी त्यांना कळणार नाही.

सहा महिने ही चर्चा चालली, पण आईंना काय हवे ते कोणी विचारलेच नव्हते. मीसुद्धा नाही. डॉक्टरांकडून आल्यावर विचारले, तेव्हा शांतपणे म्हणाल्या, “मला गार लागतच नाही गं, पाय बधिर आहेत ना. खालून उठता येत नाही, ते मात्र खरं.”

“मग बाहेर खुर्चीवर का बसत नाही?”

“तिथे बोलायला कोण आहे? हा ओटा बांधलात तेव्हापासून तू उभी आणि मी खाली. तुझं तोंड दिसत नाही, नुसता पदर दिसतो.”

ओटा बांधून चौदा वर्षे झाली. मी काही बोलू शकले नाही.

दिवाळीनंतर काम काढले. पैसे खणण्यात आणि भरावातच गेले. वर खरखरीत मॅट टाइल्स घातल्या, ओल्या पायाने घसरायला नको म्हणून. ओट्याच्या टोकाला सुताराकडून खुर्चीच्या उंचीला जुळेल अशी रुंद सागवानी फळी बसवून घेतली. वन्संना फोनवर सांगितले तेव्हा त्या जरा दुखावल्याच. “माझे पैसे नकोत का?” म्हणाल्या. शेवटी आईंसाठी हातांची भक्कम खुर्ची त्यांच्या पैशांतून घेतली.

आणि माझ्या टाचा? स्वयंपाकघरात चप्पल घालायची नाही, हा आमच्या घरचा नियम. लग्न झाल्यापासून मी कधी विचारण्याचे धाडस केले नव्हते. परवा पहाटे आई खुर्चीवरून माझ्या पायांकडे बघत होत्या. म्हणाल्या, “कापडी सपाता आण. देवापाशी जाताना काढ म्हणजे झालं.”

आणल्या. आता आईंना माझे तोंड दिसते. आमटीत गूळ किती पडतो, तेही दिसते, आणि त्यावरून रोज सकाळी आमची जुंपते.