दीडशे जणांचा वर्ग

मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मी शरीररचनाशास्त्र शिकवते. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची दीडशे मुलं आधी आमच्याच हाती येतात. १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या, त्यामुळे बावीस-तेवीस जण राजस्थान, केरळ, बिहारकडून आलेले असतात. राज्याच्या कोट्यात पूर्वी ७०:३० होतं, इथल्या सत्तर टक्के जागा मराठवाड्याच्याच मुलांना. २०२० मध्ये ते रद्द झालं आणि नाशिक-कोल्हापूरची मुलंही जास्त दिसू लागली.

डिसेक्शन हॉलमध्ये टेबलं रोल नंबरनं लागतात. नीटची रँक, कॅटेगरी यांचा तिथं काही संबंध नाही. मध्यंतरी एका टेबलावर किनवटकडच्या तांड्यावरची मुलगी आणि जोधपूरकडचा मुलगा शेजारी आले. ती बाहेर व्हरांड्यात आईशी फोनवर गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलत होती. हा थबकलाच, निम्मं त्याला कळत होतं! गोरमाटीचं मारवाडीशी जवळचं नातं आहे. फाउंडेशन कोर्समध्ये बाहेरच्या मुलांना स्थानिक भाषा शिकवतात, पण त्याला खरं मराठी शिकवलं ते तिनं. पोटात कळ येते, मुरडा पडतो, घेरी येते, अंग मोडून येतं, हातापायाला मुंग्या येतात, हे सगळं तिनं त्याच्याकडून घोकून घेतलं. पहिल्याच वर्षी मुलांना रुग्णांसमोर नेतो, तेव्हा त्यानं एका म्हातारीला विचारलं, "आजी, कळ कुठून निघती?" आजी पदर सावरून बसल्या आणि सुनेच्या बाळंतपणापासून सगळं सांगत सुटल्या.

हा वर्ग मला फार आवडतो. तरी एक गोष्ट खुपते. अकरावी-बारावी कुठं केली, असं मी प्रत्येक बॅचला विचारते. लातूर, नांदेड, कोटा ही नावं पुन्हा पुन्हा येतात. एक-दोन वर्षं ड्रॉप घेऊन आलेलेही पुष्कळ. आपल्याच तालुक्याच्या कॉलेजात शिकून, क्लास न लावता थेट आलेले किती, असं विचारलं की चार-दोनच हात वर होतात. जात, जिल्हा, भाषा सगळं वेगवेगळं, पण क्लासची फी आणि खोलीभाडं बहुतेकांच्या घरानं कसंतरी उभं केलेलं. कुणी जमिनीचा तुकडा विकलाय, कुणी सोनं मोडलंय. ज्या घरात विकायलाच काही नाही, तिथलं मूल कितीही हुशार असलं तरी माझ्या टेबलापर्यंत पोचत नाही. आरक्षणामुळे गुण खाली येतात, असं बोलणाऱ्यांनी या न आलेल्या मुलांचाही विचार करावा. सरकारी आश्रमशाळांत आणि तालुक्याच्या कॉलेजांत नीटची तयारी फुकट आणि नीट व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

एक मुलगा मात्र आश्रमशाळेतून आलाय, तोही दहावीपर्यंतचं सगळं शिक्षण मराठीतून करून. चौरसियांचं शरीररचनेचं इंग्रजी पुस्तक उघडलं की पहिले काही आठवडे त्याला घाम फुटायचा. मी फळ्यावर फीमरसमोर मांडीचं हाड, स्कॅप्युलासमोर खांद्याचं पातं असं लिहायला लागले, आणि मागच्या बाकांवरचे आणखी कितीतरी जण ते भराभरा उतरवून घेताना दिसले. आता तो आणि त्याचे होस्टेलचे मित्र रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याच्या आश्रमशाळेतल्या बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतात. रसायनशास्त्राला त्यांना माणूस मिळत नव्हता. ते काम त्या जोधपूरच्या मुलानं घेतलंय, मराठीतून.