दिल्ली की मुंबई?

आमच्या वस्तीतल्या एका मुलीने बारावीनंतर दोन परीक्षा दिल्या. एक राज्याची सीईटी. बीबीए-बीएमएससाठी ती २०२४ पासून सुरू झाली. दुसरी दिल्ली विद्यापीठासाठीची सीयूईटी. आता दिल्लीच्या शहीद सुखदेव कॉलेजात बीएमएस करायचे की मुंबईतच, हे विचारायला आईवडील आमच्याकडे आले. बी.कॉम. झालेला कारकून म्हणजे वस्तीचा सल्लागारच!

आम्ही आधी कागद मागितले. दाखल्यावर नुसते 'नवबौद्ध'. १९९० च्या कायद्याने केंद्रातही बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. दिल्लीत १५ टक्के जागा राखीव आहेत. पण केंद्राच्या नमुन्यातल्या दाखल्यावर मूळ जातीचे नाव लागते. वडील ताडकन म्हणाले, "भाऊ, जी जात सोडली ती पुन्हा लिहायची?" हा संताप आम्हांला कळतो. तरी आम्ही लिहा म्हटले. धर्म बौद्ध हे दाखल्यावर राहतेच. जातीचा रकाना रिकामा ठेवला तर राखीव जागा आपल्या मुलीला मिळत नाही, इतकेच.

दिल्लीत फीपेक्षा भारी पडतो तो खोलीचा नि जेवणाचा खर्च. मुंबईत घरचा डबा आणि लोकलचा पास. पण दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे, अभ्यास करायचा कुठे? आईला काळजी एकच, पोर एकटी कशी राहील. तरीही बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले, हे नवऱ्याला तिनेच ऐकवले!

आमचे मत दिल्ली. मात्र वसतिगृहाची जागा आधी पक्की करावी. सोमवारी नव्या दाखल्यासाठी वडिलांसोबत आम्हीही कलेक्टर कचेरीत जाणार आहोत.