वाटी लहान, वाढणे मोठे

कोल्हापुरात जाऊन अंबाबाईचे दर्शन घ्यावे, रंकाळ्यावर वारा खावा, खासबागेचे कुस्तीमैदान पाहावे, हे सारे रीतीला धरून झाले. पण वाचकहो, भूक लागली की थेट राजारामपुरी गाठावी. जुन्या पेठांतल्या गल्ल्या मन मानेल तशा वळतात. इथल्या गल्ल्या सरळ, आणि क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या. पत्ता विचारला की ‘अमुक नंबरच्या गल्लीत’ एवढे सांगून माणूस मोकळा होतो. पुढचा रस्ता नाकाने शोधायचा.

हे विद्यार्थ्यांचेही गाव. १९०१ साली शाहू महाराजांच्या आश्रयाने व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, मागोमाग एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली, आणि १९६२ साली शिवाजी विद्यापीठ आले. परगावची पोरे आली की खाणावळ आलीच.

मी जेवलो ती खाणावळ म्हणजे एका घराची पुढची खोली. पाच टेबले, भिंतीवर मारुतीची तसबीर. आत मावशी रांधतात, बाहेर त्यांचा मुलगा वाढतो. ताटात सुके मटण, भाकरी, कांदा-लिंबू, आणि भोवती वाट्या : तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, खिमा, दही-कांदा. ग्रीस देशातही असेच लहान लहान बशा मांडून तासन् तास जेवतात. त्याला ‘मेझे’ म्हणतात. हा शब्द मूळचा फारसी, अर्थ ‘चव’. तुर्कांच्या मार्फत तो ग्रीसला पोहोचला. आपली ‘मजा’ त्याच घरची! ग्रीक मंडळी त्या बशांबरोबर मद्य घेतात. कोल्हापूरकर पांढरा रस्साच वाटीने पितो.

या दोन रश्श्यांचे मूळ एकच. आले-लसूण, हळद, मीठ लावून मटण हाडांसकट शिजवले की निघते ते अळणी. नाव अळणी, पण त्यात मीठ असते. नसते ती चटणी. त्यात नारळाचे दूध आणि खसखस-तीळ-काजूचे वाटण पडले की पांढरा. भाजलेले खोबरे आणि कांदा-लसूण चटणी पडली की तांबडा. मटण थोडे आणि जेवणारे फार, तिथे ही युक्ती सगळ्यांना पुरून उरते. म्हणून मटण मोजून, रस्सा मागाल तितका!

शेजारच्या टेबलावर वसतिगृहातला एक पोरगा एकाच ताटावर चौथी वाटी मागत होता. मुलगा आत जाऊन हळूच म्हणाला, “आई, दोन वाट्यांवर पैसे लावूया की. मटण काय भावानं पडतंय?”

“मटणाचं पैसं घे. रश्श्याचं न्हाई,” मावशी म्हणाल्या, आणि पातेले घेऊन स्वतःच बाहेर आल्या. “घे रं लेकरा, लाजू नगंस.”

मुलाचे तरी काय चुकले? गॅस, तेल, खोबरे, काहीच फुकट येत नाही. त्याचीही दोन मुले शाळेत जातात. उद्या पळी त्याच्या हाती जाईल, तेव्हा वाट्या मोजल्या जातील की नाही, हे गिऱ्हाइकांवरही अवलंबून आहे. तेव्हा वाचकहो, राजारामपुरीत गेलात तर रस्सा पोटभर मागा. पण खिसा साथ देत असेल, तर सुक्याची एक जादा प्लेटही सांगा. आईचा शब्द राहील आणि मुलाचा हिशेबही जुळेल.