मदत थांबली आणि माझं मत बदललं

अमली पदार्थांच्या तस्करीशी लढण्यासाठी अमेरिकेने परक्या देशांत पैसा ओतू नये, या मताचा मी वर्षानुवर्षं होतो. कोकेनचं गिऱ्हाईक मायामी-न्यूयॉर्कमध्ये आणि विषारी फवारणी कोलंबियातल्या शेतावर. म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. या विषयावर वाद निघाला की एवढं म्हटलं, की समोरचा गप्प व्हायचा. आज मी तसं म्हणत नाही.

माझ्याकडे पुरावे भक्कम होते. 2000 साली क्लिंटन सरकारने कोलंबियातल्या तस्करीविरोधी मोहिमेसाठी, म्हणजे ‘प्लॅन कोलंबिया’साठी 1.3 अब्ज डॉलर मंजूर केले. पुढच्या पंधरा वर्षांत ही रक्कम दहा अब्जांच्या घरात गेली. सुरुवातीच्या पैशातला मोठा वाटा ब्लॅक हॉक आणि ह्यूई हेलिकॉप्टरांनी खाल्ला. पुतुमायो प्रांतात विमानांतून, ज्याच्या पाल्यापासून कोकेन बनतं त्या कोकाच्या मळ्यांवर ग्लायफोसेट फवारलं जाई आणि ते शेजारच्या केळी-मक्यावरही पडे. या फवारणीविरुद्ध सीमेपलीकडचा इक्वेडोर 2008 साली आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. 2013 मध्ये कोलंबियाने दीड कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. ज्या लष्कराला ही मदत मिळत होती, त्यातल्या लोकांनी 2002 ते 2008 या काळात किमान 6,402 निरपराध माणसं मारून त्यांना बंडखोर ठरवलं, हे कोलंबियाच्याच विशेष न्यायाधिकरणाने 2021 साली सांगितलं. एवढं होऊन कोका कुठे गेला? संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीत 2000 मध्ये 1 लाख 63 हजार हेक्टर, 2013 मध्ये 48 हजार आणि 2023 मध्ये अडीच लाखांच्या वर.

मग 2025 च्या जानेवारीत ट्रम्प यांनी परदेशी मदत गोठवली आणि जुलैत ती मदत वाटणाऱ्या ‘यूएसएड’ या सरकारी संस्थेला टाळं लागलं. म्हणजे मला हवं होतं तेच झालं. पण थांबलं काय, ते पाहिलं आणि मी वरमलो. फवारणी तर 2015 सालीच बंद झाली होती. आता बंद पडली ती जमिनीचे कागद करून देण्याची, कोको-कॉफीच्या लागवडीची, गावच्या सहकारी संस्थांची कामं. बळाचा वापर थांबला नाहीच. सप्टेंबरमध्ये अमेरिकेने कॅरिबियन समुद्रात तस्करीच्या संशयावरून बोटी उडवायला सुरुवात केली. पहिल्याच हल्ल्यात अकरा माणसं मेली. खटला नाही, चौकशी नाही.

कोका लावणारा शेतकरी काय हिशेब करतो, हे मी त्यानंतर जरा नीट वाचलं. मजूर हाताला चिंध्या गुंडाळून फांद्यांवरचा पाला ओरबाडतात. तो बारीक चिरून, सिमेंट आणि पेट्रोल घालून मळतात आणि त्याची पेस्ट निघते. वर्षात तीन-चार तोडे सहज होतात. पेस्टचा किलो पिशवीत मावतो, घ्यायला माणूस दारात येतो, रोख देतो. अननस लावला तर चिखलाच्या रस्त्यावरून होडीपर्यंत नेतानाच निम्मा सडतो. वाहतूकखर्चही निघत नाही म्हणून टोमॅटो रस्त्यावर ओतून देणारे शेतकरी आपण नाशिक-जुन्नरकडे पाहिले आहेत. त्यांना हे उलगडून सांगावं लागणार नाही. अशा माणसाचं पीक जाळलं तर तो जंगलात आणखी आत जाऊन तेच पीक लावतो.

थायलंडने हे उलट्या क्रमाने केलं. तिथल्या डोंगरांत साठच्या दशकात अफूची शेती सुमारे 18 हजार हेक्टरवर होती. 1969 साली राजघराण्याचा प्रकल्प सुरू झाला, पाठोपाठ संयुक्त राष्ट्रं, अमेरिका आणि जर्मनी यांचा पैसा आला. आधी रस्ते, शाळा, दवाखाने, कॉफी, भाजीपाला, फळझाडं. अफू उपटायला हात घातला तो 1984 च्या सुमारास, म्हणजे तब्बल पंधरा वर्षांनी. आज तिथली अफू नगण्य आहे. सगळं गोमटं झालं असं नाही. डोंगरी जमातींतल्या अनेकांना नागरिकत्वासाठी ताटकळावं लागलं, आणि अफूचा धंदा शेजारच्या म्यानमारमध्ये जोरात आहे. पण त्या डोंगरावरच्या शेतकऱ्याला दुसरी वाट मिळाली, आणि ती परक्या पैशाशिवाय इतक्या लवकर मिळाली नसती.

कोलंबियाचाही हिशेब मी एकाच रकान्यात मांडत होतो. 2000 मध्ये तिथे वर्षाला तीन हजारांवर माणसं पळवली जात. पंधरा वर्षांत हा आकडा काहीशेंवर आला. त्याचं श्रेय एकट्या अमेरिकेच्या पैशाला देता येणार नाही, पण तो वाटा शून्य म्हणणंही खोटं ठरेल.

फवारणी आणि खोट्या चकमकी यांबद्दलचा माझा राग तसूभरही कमी झालेला नाही. तरी ‘मदतच नको’ असं मी आता म्हणणार नाही. ज्या देशाचं गिऱ्हाईक हा धंदा पोसतं, त्या देशाने पैसा द्यायलाच हवा. फक्त तो आधी रस्त्याला, सातबाऱ्याला आणि न्यायालयाला मिळावा. हेलिकॉप्टरचा नंबर सगळ्यात शेवटी.